असतंय की

जगात कुठं तरी नवलाची गोष्ट घडते, तिचा कुणी तरी फोटो काढतो, तो चार देशांतून फिरून आमच्या भोरमधल्या आळीच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पडतो आणि अर्ध्या मिनिटात त्याच्याखाली दोन शब्द उमटतात : ‘असतंय की.’ हे तात्या.

गटावर येणाऱ्या मालाला काही धरबंध नाही. दोन तोंडांचं वासरू, गणपतीच्या सोंडेसारखा वळलेला दुधी, एका अंड्यातले तीन बलक, चीनमध्ये राहत्या इमारतीच्या पोटातून जाणारी आगगाडी. लोक आपापल्या स्वभावाप्रमाणे दाद देतात. शाळेतल्या बाई सगळ्यालाच हात जोडतात, तीन बलकांच्या अंड्यालाही त्यांनी जोडले होते. वाणी ‘बापरे’ लिहितो. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं डोळ्यांतून पाणी काढून हसणारं तोंड पाठवतात, मग बातमी कुणाचा पाय मोडल्याची का असेना. या सगळ्या गलक्यात तात्यांचे दोन शब्द येऊन पडले की वासराच्या दुसऱ्या तोंडाची किंमत एकदम उतरते. असतंय. तोंड आहे, दोन असतात. पुढं बोला.

तात्या टाइप करत नाहीत. फोन तोंडासमोर आडवा धरून त्यात ते मोठ्यानं बोलतात आणि फोन त्याला जमेल तसं लिहून घेतो. समोरच्या घरात राहत असल्यामुळं मला त्यांची प्रतिक्रिया आधी कानांनी कळते, मग डोळ्यांनी. फोनला त्यांची बोली अजून नीट बसलेली नाही. एकदा आळीतल्या एका बारशाच्या फोटोखाली ‘अस्थी की’ असं उमटलं आणि गट दुपारभर चिडीचूप होता. बाळाच्या आजीनं संध्याकाळी येऊन जाब विचारला तेव्हा तात्या म्हणाले, ‘फोनची चूक आहे. आणि एवढं मनाला लावून घ्यायला काय झालं? फोन चुकतंय की.’

तात्यांनी जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. भोर आगारातून ज्या दिशेला रस्ता निघतो, त्या प्रत्येक दिशेला ते उभ्यानं गेले आहेत. महाडची गाडी, वेल्ह्याची, शिरगावची, भुतोंड्याची, रायरेश्वराच्या पायथ्याच्या कोर्ल्याची. अंगानं काटक, खिशाला अजून पेन, आणि बोलताना उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी एकमेकांवर आपटायची सवय. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा कधीच जमा झाला, बोटांना तो अजून हवा असतो. गाडीत त्यांनी काय पाहिलं नाही? कोंबड्यांच्या पाट्या, शेळ्या, देवाच्या पालख्या, नवरदेव एका गाडीत आणि वऱ्हाड दुसऱ्या. वरंध घाटात पुढ्यात दरड आली तेव्हा प्रवासी ओरडत असताना हे खाली उतरून, तासात रस्ता मोकळा होईल का दोन, एवढंच बघून आले आणि दोन तास म्हणून वाघजाईला भजी खायला गेले. एका गाडीत बाळंतपण झालं. ती हकिगत सांगताना तात्यांचा भर बाळंतिणीवर किंवा बाळावर नसतोच. ‘गाडी निघाली तेव्हा माणसं चव्वेचाळीस. पोचली तेव्हा पंचेचाळीस. पण तान्ह्या पोराला तिकीट नसतंय, त्यामुळं वेबिल बरोबर आलं.’

मला वाटतं, हिशेब जुळण्याशी ज्याचा आयुष्यभर संबंध आला, त्याला नवल परवडत नाही. नवल वाटायला थांबावं लागतं, आणि थांबलं की गाडी लेट.

शिवाय हा मुलूखच असा आहे, की इथं जन्मलेल्या माणसानं प्रत्येक ठिकाणी आ वासायचं ठरवलं तर त्याचं तोंड मिटायची वेळच येणार नाही. भोरला समुद्र नाही, पण चौपाटी आहे, आणि तिथं उभं राहून आम्ही एकमेकांची वाट बघतो. बाजारवाडीच्या वर रोहिडा किल्ला आहे, त्याचं दुसरं नावच विचित्रगड. पुण्याहून येणारी तरुण मंडळी ते नाव वाचून मोठ्या आशेनं विचारतात, की वर विचित्र काय आहे. तात्यांनी एकांना सांगितलं होतं, ‘चढताना तुम्ही आणि उतरताना तुमचे गुडघे.’ राजगडाच्या सुवेळा माचीला कातळात आरपार नेढं आहे, त्यात बसून वारा खायला लोक पहाटे उठून चढतात. तात्यांच्या लेखी ते भोक आहे आणि भोकातून वारं येतं. रायरेश्वराच्या पठारावर सात रंगांची माती सापडते. दरवर्षी कुणी तरी ती सात पुड्यांत बांधून आणतं, ओळीनं मांडून फोटो काढतं आणि गटावर टाकतं. त्याला तात्यांनी एकदाच सविस्तर उत्तर दिलं होतं : ‘मातीला रंग असतोच. बिनरंगाची सापडली तर फोटो टाका.’

मे महिना आला की कांबऱ्याचं देऊळ येतं. भाटघरच्या धरणात वेळवंडी नदीच्या पात्रात कांबरे बुद्रुकचं जुनं शिवमंदिर आहे. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी आटलं की कळसापासून हळूहळू बाहेर येतं, पावसाळा लागला की पुन्हा बुडतं. भाटघरचं धरण इंग्रजांच्या काळातलं, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुरं झालेलं, आणि आता त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. म्हणजे हे बुडणं-निघणं जवळजवळ शंभर वर्षं चाललेलं आहे. पण देऊळ जणू काल रात्रीच सापडलं अशा थाटात दर मे महिन्यात त्याचे व्हिडिओ येतात. वरून ड्रोन, मागं शंखनाद, आणि एक घोगरा आवाज सांगतो की शास्त्रज्ञही चकित झाले. कुठले शास्त्रज्ञ, ते तो सांगत नाही. आमच्या आळीत तो व्हिडिओ एकाच दिवशी सहा वेळा आला. सहाव्यांदा तात्यांनी फोन आडवा धरला आणि मला ऐकू आलं, ‘भांडं रिकामं झालं की तळ दिसतो. त्यात शास्त्रज्ञ कशाला?’ फोननं ‘भांडण रिकामं झालं की तळ दिसतो’ असं लिहिलं. वाण्यानं त्याला सुविचार समजून हात जोडले आणि पुढच्या चार गटांवर पाठवून दिलं.

या देवळाच्या बाबतीत मात्र मला काकूंचं पटतं. काकू म्हणजे तात्यांचा अर्धा भाग, आणि तात्यांच्या वाट्याचं सगळं आश्चर्य त्यांच्याकडं जमा झालेलं आहे. त्यांना नळाला वेळेवर पाणी आलं तरी ‘अगं बाई’ होतं. त्या दरवर्षी त्या देवळाला जातात, ओल्या पायऱ्यांवर हळद-कुंकू वाहतात आणि घरी येऊन तात्यांना सांगतात, ‘अहो, एवढं पाण्यात राहून एक दगड हलला नाही हो.’ तात्या म्हणतात, ‘दगड आहे, हलंल कशाला?’ हा संवाद लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी दोघंही तितक्याच उत्साहानं करतात.

ट्रॅक्टरच्या वेळी तात्यांची जरा कसोटी लागली होती. रायरेश्वराचं पठार साडेचार हजार फुटांच्या आसपास, वर जायला पायवाट आणि शेवटच्या टप्प्याला लोखंडी शिडी. काही वर्षांपूर्वी वर राहणाऱ्या शेतकऱ्यांनी अख्खा ट्रॅक्टर खाली सुटा केला, इंजिन, चाकं, सांगाडा असे भाग दोर-बांबूंना बांधून, माणसांच्या खांद्यांवरून, त्या शिडीनं वर नेले, वर पुन्हा जोडले आणि नांगरट केली. बातमी राज्यभर गेली. ज्या शिडीवर रिकाम्या हातानं चढताना माणसाला देव आठवतो, तिथं हे. गटावर त्या दिवशी बाईंचे जोडलेले हात, वाण्याचं बापरे, हसऱ्या तोंडांऐवजी प्रथमच दंडाचे फुगवटे, सगळं आलं. तात्यांचं काही येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आळीला वाटलं, तात्या हरले.

शेवटी आले. ‘उतरवायचा कसा ते विचारलंय का?’

विचारून बघितलं तर प्रश्न बरोबर होता. त्यानंतर आळीत कुणी ट्रॅक्टर चढवल्याचं कौतुक करीना, सगळे उतरवण्याच्या काळजीत पडले. तात्यांची ही दुसरी पद्धत. ‘असतंय की’ म्हणण्याइतकी गोष्ट सोपी नसली, तर तिच्यातली एखादी व्यवहाराची अडचण काढून समोर ठेवायची आणि आपण चहा प्यायला जायचं.

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं तेव्हा तात्या म्हणाले, पाटी बदलली, फाटा तोच. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी, आणि त्या अकरांत आमचा राजगड. फटाके वाजले, गटावर भगवे झेंडे फडफडले. कुणी तरी तात्यांना मुद्दाम विचारलं, तात्या, आता? तात्या म्हणाले, ‘महाराजांची पंचवीस-सव्वीस वर्षं राजधानी होती, तेव्हा यादी करायला कुणी आलं नाही. गाडी लेट आली म्हणायची.’ वेल्ह्याकडच्या एका पाहुण्याची तक्रार होती, की महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेला तोरणा यादीत नाही, हा अन्याय आहे. त्याचीही तात्यांनी समजूत घातली. ‘सगळी माणसं एका गाडीत मावत नाहीत. तोरणा मागच्या गाडीनं येईल.’

एकदाच त्यांनी काही लिहिलं नव्हतं. पानशेतचं धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ चे जुने फोटो कुणी तरी टाकले, खाली नेहमीसारखे हात आणि बापरे आले. पानशेतच्या खोऱ्यात तात्यांचं आजोळ. मी समोरून बघत होतो, त्यांनी फोन उचलला, बघितला आणि पालथा ठेवून दिला. त्या दिवशी पुढं काहीही आलं तरी त्यांचं उत्तर नव्हतं, दोन शेपट्यांची पाल आली तरी.

तात्यांचा हा थंडपणा खरा आहे का, हा प्रश्न आळीत अधूनमधून निघतो. माझं मत वाईचे व्याही आले त्या दिवशी पक्कं झालं.

तात्यांची मुलगी वाईला दिली आहे. व्याही मांढरदेवीच्या घाटानं आले, म्हणून तात्या मला बरोबर घेऊन त्यांना आणायला आंबवड्यापर्यंत गेले. आंबवड्याला संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे, भोरच्या राजांच्या, म्हणजे पंतसचिवांच्या, घरातल्या जिजीसाहेबांच्या नावाचा. तात्या त्या पुलावरून माझ्यासमोर शेकडो वेळा गेले असतील, खाली बघितलंही नसेल. त्या दिवशी मात्र ते पुलाच्या मधोमध उभे राहिले, थोडे हलले, पूल हलवला आणि व्याह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

व्याही म्हणाले, ‘हलतोय की.’

‘झुलता आहे,’ तात्या म्हणाले. ‘राजांनी बांधलेला.’

‘झुलता म्हणल्यावर झुलणारच.’

तात्यांचा चेहरा मी तोपर्यंत असा पाहिला नव्हता. घरी जेवणं झाली, वामकुक्षी झाली, आणि चारच्या सुमाराला तात्यांनी जाहीर केलं की व्याहीबुवांना बनेश्वर दाखवायचं. बनेश्वर म्हणजे नसरापूरजवळ, झाडीत, नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं शंकराचं देऊळ. तिथं एक घंटा आहे. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि पुढं देवळादेवळांत टांगल्या गेल्या, त्यांतली ही. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. शंकराच्या दारात इतकी वर्षं क्रूसाची घंटा वाजते आहे आणि दोन्ही देवांनी त्याबद्दल कधी काही म्हटलेलं नाही. मी स्वतः पहिल्यांदा ती बघितली तेव्हा बराच वेळ खाली उभा होतो. त्या वेळी तात्या मला म्हणाले होते, ‘घंटाच आहे. एक टोल थांबा, दोन टोल चला. मी जन्मभर वाजवली.’

तेच तात्या त्या दिवशी व्याह्यांना दंडाला धरून घंटेखाली घेऊन गेले. ‘हे बघा. वसईची आहे. चर्चची. क्रूस बघितला का? साल वाचा. वाचा ना. सोळाशे त्र्याऐंशी. महाराजांना जाऊन तीन वर्षं झाली होती.’ मला कळेना, हा माणूस कोण आहे. आवाज चढलेला, बोटं चिमटा आपटतायत, डोळे मोठे.

व्याह्यांनी चष्मा वर करून घंटा बघितली. मग चष्मा खाली करून म्हणाले, ‘असतीय की. आमच्या मेणवलीच्या घाटावर हाय.’

आणि ते खरं आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागं कृष्णेचा घाट आहे आणि तिथंही वसईहून आलेली घंटा टांगलेली आहे. सिनेमावाल्यांनी तो घाट इतक्या वेळा दाखवला आहे, की नाकारायचीही सोय नाही. तात्या पाच मिनिटं गाभाऱ्यासमोर उभे राहिले. देवाशी काय बोलले ते देवाला ठाऊक. मग परत आले.

‘मेणवलीची घंटा कुणाची म्हणालात?’

‘नाना फडणवीसांची.’

‘आणि हे देऊळ बांधलं कुणी?’

‘कुणी?’

‘नानासाहेब पेशव्यांनी.’ इथं तात्यांनी दम घेतला. ‘फडणवीस कुणाच्या पगारावर होते?’

व्याही वाईचे. वाईच्या माणसाला उत्तर शोधायला वेळ लागत नाही. ‘पगारावर तर तुम्हीपण होता की,’ ते म्हणाले.

परतताना चेलाडीला चहा झाला, तो दोघांनी दोन टेबलांवर घेतला. मी मधल्या टेबलावर बसून दोघांची बिस्किटं पोचवली.

म्हणून मी म्हणतो, की तात्यांना नवल वाटत नाही हे अर्धंच खरं. नवल न वाटणं हा त्यांच्या मते मालकाचा हक्क आहे. घरचा माणूस बनेश्वरच्या घंटेखालून मान वर न करता गेला तरी चालतं. पाहुण्यानं मात्र तोंड उघडं ठेवायचं, आणि पुरेसा वेळ ठेवायचं. जगातली दोन तोंडांची वासरं आणि इमारतीतल्या आगगाड्या तात्यांच्या दारात येतात, तेव्हा त्या पाहुण्या असतात. पाहुण्यानं येऊन आपली फुशारकी मारावी आणि भोरच्या माणसानं थक्क व्हावं, हे त्यांना उलटं वाटतं. आपण थक्क झालो तर आपला रोहिडा, आपला राजगड, आपलं भाटघर एक पायरी खाली उतरेल, अशी काही तरी त्यांची समजूत असावी. विचारलं तर कबूल करणार नाहीत.

आता गेल्या आषाढातलं सांगतो. एका दुपारी समोरच्या ओसरीवरून काहीच ऐकू येईना. गटावर मात्र तात्यांच्या नावापुढं ‘टायपिंग’ दिसत होतं, म्हणजे ते बोटांनी लिहीत होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मग ‘हा मेसेज डिलीट केला आहे’. पुन्हा टायपिंग. पुन्हा डिलीट. असं चार वेळा. मी गटावर वर जाऊन बघितलं तर वासरू नव्हतं, दुधी नव्हता. वेल्ह्याच्या बाजूला कुणी तरी भातलावणीचा कार्यक्रम ठेवला होता, त्याची जाहिरात होती. शनिवार-रविवार. चिखलणी, तरवा उपटणे, प्रत्यक्ष लावणी, डोक्यावर इरलं घेऊन फोटो, दुपारी चुलीवरचं पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात. माणशी हजाराच्या वर. मुलांना सवलत.

मी रस्ता ओलांडून गेलो. तात्या फोन मांडीवर ठेवून बसले होते.

‘हे पैसे ते देतात का घेतात?’ त्यांनी विचारलं.

‘कोण?’

‘पुण्याची माणसं. लावणीला येणार. त्यांना हजार मिळणार ना?’

‘नाही तात्या. ते देणार.’

‘चिखलात उतरायचे?’

‘हो.’

‘पैसे देऊन.’

‘हो.’

तात्यांनी काकूंना हाक मारली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते काकूंना काही नवल सांगायला निघाले होते. ‘अगं, बाहेर ये जरा. लोक पैसे देऊन लावणी करतायत.’ काकू पदराला हात पुसत आल्या, म्हणाल्या, ‘मग? हौस असते एकेकाला.’ आणि आत गेल्या. दारातूनच त्यांनी मागं वळून तात्यांकडं बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही.

शनिवारी तात्या ज्येष्ठ नागरिकांचं अर्धं तिकीट काढून निघाले. मी अर्थात बरोबर होतो. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर. पाऊस तिरका. तोरण्याला ढगानं कमरेपर्यंत गुंडाळलेलं. खाचरं तुडुंब, बांधावर मोटारींची रांग. आत वीस-पंचवीस माणसं गुडघाभर चिखलात उभी होती, विजारी दुमडून, आणि आनंदानं किंचाळत होती. एकजण पडला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, तसा दुसरा मुद्दाम पडला. भात म्हणाल तर काही काड्या उभ्या, काही आडव्या, काहींची मुळं वर. त्यांच्या मागून गावातल्या तीन बाया वाकून तेच सगळं उपटून पुन्हा नीट लावत होत्या.

तात्या त्या बायांपाशी गेले. ‘बाई, तुम्हाला रोज किती?’

तिनं आकडा सांगितला.

‘आणि त्यांना?’

‘त्यांना कशाला? ते देतात.’

‘तुम्ही त्यांच्यामागं पुन्हा लावताय, त्याचे वेगळे?’

‘त्याचेच तर आहेत.’

तात्या बांधावर मटकन बसले. छत्री वाऱ्यानं उलटली तरी त्यांनी ती सरळ केली नाही. त्यांच्या डोक्यात वेबिल चाललं होतं, हे मला बोटांवरून दिसत होतं. माणसं पंचवीस. माणशी हजार. बाया तीन. भाकरीचं पीठ. टक, टक, टक. तेवढ्यात कार्यक्रमाचा एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. ‘काका, बुकिंग आहे?’

‘हाफ तिकीट आहे का?’

‘हाफ डे पॅकेज आहे, काका. पण त्यात लावणी नाही, फक्त जेवण.’

‘म्हणजे चिखलात उतरायचं नाही आणि पिठलं खायचं, त्याचेपण पैसे?’

‘हो काका.’

‘अगं बाई,’ तात्या म्हणाले. शब्द काकूंचे होते, पण आवाज निःसंशय तात्यांचा होता.

परतीच्या गाडीत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. घरी पोचल्यावर त्यांनी हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, आणि वेळवंडीच्या खोऱ्यातली भाऊबंदांच्या वाटणीतली त्यांची दोन खाचरं, जी गेली कित्येक वर्षं धाकटा भाऊ करतो आणि ज्यांचं नावही तात्या कधी काढत नाहीत, ती प्रथमच संभाषणात आली. मला कागद-पेन घ्यायला सांगितलं. दर दोन ठेवायचे, चिखलाचा आणि बिनचिखलाचा. बिनचिखलाला जास्त, कारण त्यांची पायताणं सांभाळावी लागतात. जेवायला मांडी घालूनच बसवायचं, खुर्ची दिली तर लोक पैसे परत मागतील. पडणाऱ्याला वेगळा दर लावावा का, यावर ते बराच वेळ विचार करत होते. कांबऱ्याचं देऊळ वाटेतच आहे, ते मेमधल्या लोकांना दाखवता येईल. ‘त्यात दाखवण्यासारखं काय आहे, तात्या?’ मी विचारलं. ‘एवढं पाण्यात राहून एक दगड हलला नाही,’ तात्या म्हणाले.

काकू आतून ऐकत होत्या. त्या दारात आल्या.

‘आणि लोकांना लावणी शिकवणार कोण? तुम्हाला एक काडी सरळ लावता येत नाही. लग्नाच्या वर्षी मामंजींनी खाचरातून हाकलून काढलं होतं तुम्हाला.’

‘मला कशाला यायला पाहिजे?’ तात्या कागदावरून नजर न काढता म्हणाले. ‘कंडक्टरला कुठं गाडी चालवता येते?’